पाचशेपैकी एकशे सदतीस

सुजय कंग्राळकर रविवारी सकाळीच दारात.
"काका, तुम्ही मोजता म्हणून विचारायलोय.
साधी एकतीस लाखाला, ही सदतीस.
टोकन अजून दिलेलं नाही.
सहा लाख जादाचे वसूल हुतात काय, सांगा की."

नुकत्याच फोडलेल्या बिडाचा रंग.
बावीस घोडे जास्तीचे, स्प्रिंगा बोटभर खाली,
ब्रेकांवर पिवळा हात मारलेला,
आणि गिअरच्या पुढ्यात पत्र्याची एक पट्टी:
पाचशेपैकी एकशे सदतीस.

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी मायक्रोमीटर धरतो.
जादाचे पैसे कशाचे असतात, ठाऊक आहे.
वीस मायक्रॉनांत काम हवं, तर एक दर.
दहात हवं, तर दीडपट.
तीनात म्हणालात, तर मालक आधी चहा मागवतो.
शेवटचा केस सगळ्यात महाग.
म्हणून त्या केसासाठी पैसे मोजणाऱ्याला
मी सहसा हसत नाही.

दुसरं गेट पडलेलं.
पुढे कोथिंबिरीचा टेम्पो, मागे आम्ही,
बावीस जादा घोडेही रेल्वेचा मान राखून उभे.
मग पिरनवाडी सुटेपर्यंत
प्रत्येक खड्डा नावानिशी भेटला.
"सस्पेन्शन कडक आहे," सुजय म्हणाला.
माझी कंबर म्हणाली, कळलं.

जांबोटी मागे पडली. कणकुंबीच्या अलीकडे
नवं डांबर लागलं
आणि त्यानं पाय दाबला.

कसं सांगू.
स्टिअरिंग आणि चाक यांच्यामध्ये
नेहमी जो थोडा प्ले असतो,
थोडी थाप, थोडं "बघूया की",
तो नव्हताच.
हात वळला की रस्ता वळत होता.
माझा हात आपोआप खिशाकडे गेला.
रविवार होता, मायक्रोमीटर घरी.
नाहीतर नुसता मुठीत धरून तरी बसलो असतो.

चार मिनिटं. मग पुन्हा खड्डे.

कणकुंबीत चहावाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.
"ॲव्हरेज किती?"
सुजयनं सांगितलं.
तो काही न बोलता दुधाकडे बघायला गेला.

परत बसताना पट्टीवरून अंगठा फिरवला.
कडेला बर राहिलेला, कातडीला लागणारा.
साताचा पाय उथळ.
आमच्या गल्लीत अशी पट्टी नव्वद रुपयांत कोरतात,
पन्नास घेतल्या तर ऐंशीत.

मोनाप्पा हुंदरे आठवला.
सरफेस प्लेट खरवडायचा: निळा लाव, पूस,
उंचवटा शोध, पुन्हा निळा.
बिल एका दिवसाचं, हा तीन दिवस घ्यायचा.
शेठ ओरडले की म्हणायचा,
"उद्या कुणीतरी मोजंल की, ओ."
त्या प्लेटीवर नंबर नाही, नाव नाही.
अजून तिच्यावर ठेवलेली वस्तू
डुलत नाही.

तर मी सुजयला हिशेब दिला तो असा:
सहातले साडेतीन त्या चार मिनिटांचे. ते खरे आहेत,
परवडत असतील तर दे, डोळे झाकून दे.
दीड लाख रंगाचे आणि लाल शिलाईचे.
तुझं तू बघ.
उरला एक, तो पट्टीचा. तो देऊ नकोस.
पट्टी मी करून देतो, बर काढून,
हवा तो आकडा घालून.

हसला. नंतर बराच वेळ गप्प चालवत राहिला,
खड्डे चुकवत, जरा जास्तच जपून.

येताना गेट पुन्हा पडलेलं.
शेजारच्या स्कूटरवरचा पोरगा काचेपाशी वाकला,
"एष्टु री?"
किंमत विचारत होता.

सुजय म्हणाला, "नूर मूवत्तेळु."
एकशे सदतीस.

पोरानं शीळ घातली.
मी काहीच बोललो नाही.
मालगाडी लांबलचक होती, डबे मोजत बसलो.
गेट वर गेलं.
स्कूटर आमच्या आधी सुटली.