पेन्सिलीची बाजू

पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला पंचा.
समुद्र तीन घरं पलीकडे, तरी त्याचं मीठ
काचेवर येऊन बसतंच.
दर तिसऱ्या निगेटिव्हला पुसावी लागते स्कॅनरची काच
जुन्या बनियनच्या तुकड्याने, श्वास रोखून.

आबा खोबरेकरांनी मालवणातला स्टुडिओ मिटला
तेव्हा बिस्किटांचे नऊ डबे दिले मला.
म्हणाले, पावसात उघडू नको. बस, एवढंच.
सात डब्यांत बुरशी:
चेहऱ्यांवर नेच्याची पानं उगवलेली,
एका बारशात तर बाळच उरलं नव्हतं.

आठव्यात, बटर पेपरात, ही.
पाकिटावर शाईने:
तारी, शेवंती. स्थळासाठी. तीन प्रती.

चकचकीत बाजू खाली, मंद बाजू वर,
कडा चौकटीत दाबून,
कारण दमट हवेत फिल्म वळते वाळत्या बांगड्यासारखी
आणि काचेला टेकली
की कपाळावर रंगीत कडी उमटतात.

बत्तीसशे. सोळा बिट.
उजेड मुंगीच्या चालीने निघाला.
धूळ काढायचं बटण होतं, दाबलं नाही.
काळ्यापांढऱ्या फिल्मवर ते चांदीलाच धूळ समजतं,
बुबुळं खातं.

मग पडद्यावर गाल आला, परातीएवढा,
आणि गालावर रेघा.
ओरखडे म्हणावेत तर फार आखूड,
बुरशी इतकी नेटकी नसते.
पेन्सिल होती ती. कठीण शिशाची, टोक काढकाढून.
आबांनी भिंगाखाली देवीचा एकेक वण भरला होता
जाळ्याचं भोक विणावं तसा.
पोस्टकार्डाएवढ्या छापावर कुणाला दिसलं नसतं.
दिसलं नाहीच. लग्न झालं.

शेवंतीबाई आता धुरीवाड्यात. ब्याऐंशी.
लॅपटॉप घेऊन गेले.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक पडद्याला लावलं.
"ह्यां चेडू खंयचां गो?"
मग आपला गाल चाचपला, मग पडद्यावरचा.
"आबान बुजयल्यान," म्हणाल्या,
"आणि घोवान पयल्याच रातीक मोजल्यान."
किती, ते सांगितलं नाही. हसत राहिल्या.

स्पिरिटचा एक बोळा, हलका हात,
पेन्सिल निघून येईल.
खालचा चेहरा साठ वर्षं तसाच आहे, चांदीत.
बूच उघडून बसले आहे, वास खोलीभर.

बाहेर भरती.
काच पुन्हा धुरकटली आहे,
आधी ती पुसते.