टोपण

निइनुमा बाईंच्या खुर्चीवर आता मी बसतो.
खुर्ची जरा उंच आहे, माझे पाय टेकत नाहीत,
पण खालचा खटका दाबायला हात होत नाही.

हाचिनोहेच्या या शाळेत
मला परत बोलावलंय, मार्चपर्यंतच.
उपमुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई रजेवर आहेत,’
आणि रजा हा शब्द असा अलगद खाली ठेवला
जसा कढत चहाचा पेला, कान नसलेला.

खणात टूथब्रश होता. मोज्यांचा जोड.
व्हॉलीबॉलची शिट्टी, तिच्या दोरीत गुंतलेलं
सामन्यांचं वेळापत्रक: सगळे रविवार.
कुणाच्या तरी आईचा नंबर, पुढे लिहिलेलं,
‘रात्री दहानंतरच उचलतात.’
आणि हजेरीचं कार्ड,
रोज पाच वाजून दहा मिनिटं, एक दिवस चुकलेला नाही.
कार्ड वेळेवर सुटायचं.

मग या पस्तीस वह्या.
घरी जाण्याआधी मुलं चार ओळी लिहून ठेवतात,
आजचा दिवस कसा गेला.
सकाळी वही परत मिळते, खाली बाईंचं उत्तर, तांबड्या शाईत.

काझुहाची वही. एप्रिल:
‘मांजरीनं पिल्लं कुठे लपवली ते कळलं की मलाही सांग.
आमच्या मांजरीनं एकदा बाबांच्या गमबुटात...’
अर्धं पान भरलंय.
जूनमध्ये दोन ओळी.
सप्टेंबरात ‘छान.’
ऑक्टोबरभर नुसतं वर्तुळ.
नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला
वर्तुळ सुरू होतं आणि मिटत नाही,
शाई घसरत जाते
मुलीच्या चारही ओळींवरून, पानाच्या कडेवरून,
पुढे टेबलावर वीतभर.
मी ओल्या फडक्यानं घासून पाहिली. जात नाही.

वीस तारीख, काझुहाचं अक्षर:
‘बाई, काल माझ्या वहीवर डुलकी लागली ना तुम्हाला?
मी आईला दाखवलं नाही. पान दुमडून ठेवलंय.’
खाली उत्तर नाही.

सोळा वर्षांपूर्वी
निइनुमा माझ्याच हाताखाली लागली होती.
पहिल्याच आठवड्यात, सहा वाजता, पर्स खांद्याला लावून उभी.
मी मान वर न करता म्हणालो होतो,
‘दिवा आधी मालवतो तो मास्तर कसला?’
तिनं पर्स खाली ठेवली.
सगळे हसले होते. मीही.

आता साडेदहा झालेत.
बंदराबाहेर माकुळाच्या होड्यांनी दिवे लावलेत,
रांगेनं, पांढरेफट्ट.
उजेड दिसला की माकूळ आपणहून वर येतं,
ओढावं लागत नाही.

शेवटची वही.
काझुहानं लिहिलंय, ‘नवीन सर,
उत्तर नाही दिलंत तरी चालेल.
वाचलं एवढं कळलं की पुरे.’

वाचलं.
पेनाचं टोपण शोधतोय.
बाईंच्या खणात नऊ तांबडी पेनं आहेत,
टोपण एकालाही नाही.