उजवीकडं वळताना

अनगोळ नाक्यावर उजवीकडं वळलं की
कटकट, कटकट,
चाकाच्या पोटात कुणी सुपारी कातरल्यागत.
सरळ रस्त्याला मात्र गाडी साळसूद.

रविवारी मागच्या चाकांना विटा लावल्या.
नट काही हलेना.
पान्याला नळाचा पाइप जोडून
त्यावर उभी राहिले, अख्खी बासष्ट किलो.
कर्रर्र झालं तसे
शेजारचे ईराप्पा आले, चहाचा कप तसाच हातात.

तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर.
त्यांचं मराठी आणि माझं कन्नड
गाडीखाली झोपल्यावर जरा बरं चालतं.
'हिडी' म्हटलं की धरायचं,
'बिड' म्हटलं की सोडायचं,
'सावकाश' दोघांचंही एकच.

रबराचा बूट चिरलेला. आत ग्रीस कसलं,
खानापूर रस्त्याची लाल माती.
हातोड्याच्या तिसऱ्या घावाला जॉइंट निसटला.
सहा गोळ्या. पाचच सापडल्या.
ईराप्पांनी जुन्या वाटीच्या खाचेतून नख फिरवलं,
ते अडकलं तिथं थांबले.
"आमच्याकडंच घासलेली असंल, काय की."
आणि उगाच फडक्यानं पुसत बसले,
टाकून द्यायचीच होती तरी.

नवा बसला. सर्क्लिप टक् म्हणाली.
दुपारी नाक्याला चार फेऱ्या मारल्या,
काच खाली, रेडिओ बंद,
नुसतं उजवीकडं, उजवीकडं.
पानवाला बघत होता.

संध्याकाळी कंपाउंडवरून ईराप्पा:
"शब्द येतोय अजून?"
त्यांच्यात आवाजाला शब्द म्हणतात.
नाही म्हटलं.
मग दोघंही तिथंच उभे,
बराच वेळ.