तिसऱ्यांचा वाटा

महापेच्या चौथ्या मजल्यावर आम्ही
दर तिमाहीला जिंकतो.
क्विक विन, बिग विन, विन-विन;
कारखानीस फळ्यावर हिरव्या मार्करने लिहितो
आणि समोशाची प्लेट धरलेले आम्ही टाळ्या वाजवतो,
म्हणजे एका हाताने, मांडीवर.
विन. केवढासा शब्द.
सोड्याचं झाकण उडावं तसा, आणि मग काही नाही.
सक्सेसला निदान शेपटीला स आहे,
जिन्यावरून कुणाची तरी साडी घासत गेल्यासारखा.

शनिवारी सानपाड्याला, झेरॉक्सच्या दुकानावर,
धारपबाई जपानी शिकवतात.
तिथला पंखा फक्त तीनवर चालतो.
जिंकणं म्हणजे कात्सु, त्या म्हणाल्या,
आणि कटलेटलाही कात्सुच.
इंग्रजी कटलेट बोटीतून तिकडे उतरलं,
हळूहळू त्याचं शेपूट गळलं
आणि ऐकणाऱ्याला ते विजयासारखं वाटू लागलं.
परीक्षेच्या आदल्या दिवशी तिकडची पोरं म्हणून तेच खातात.
आम्हालाही त्यांनी बेकरीतलं, बिटाचं,
प्रत्येकी एक, टिश्यूत गुंडाळून दिलं.
खाल्लं. बोटं गुलाबी झाली.

यशाला सेइको म्हणतात.
परीक्षेतल्या यशाला वेगळा शब्द, गोकाकु.
मला दोन गुण कमी पडले.
निकालात गोकाकुच्या आधी एक फु होता,
फुंकर मारावी एवढाच.

बाईंनी रागावल्या नाहीत अशा आवाजात
त्या दिवशी मराठीच शिकवली:
मी डाव मांडला. मांडला तो डाव.
मी डाव मोडला. मोडला तो डाव.
पण मी डाव जिंकले.
बघ, इथे क्रियापद डावाला सोडून
तुझ्या अंगाला येऊन चिकटतं.
आणि हरले?
तेही, म्हणाल्या, आणि खडूचे हात झटकले.

मग फळ्यावर हरण्याचं चिन्ह काढलं, माकेरु.
वर दोन फराटे, खाली चौकोनी पोटाचा, दोन पायांचा
शिंपला.
शिंपला का?
पूर्वी पैसा होता तो, त्या म्हणाल्या.
आणि हो, बाजारात भाव कमी करा म्हणायलाही
हेच क्रियापद. माकेते कुदासाई.
शब्दाला शब्द ठेवला तर: हरा ना, कृपा करून.

रविवारी दिवाळ्याच्या कोळीवाड्यात
चांगुणाबाईपुढे तिसऱ्यांचे वाटे.
दीडशे.
शंभर.
तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, पाणी शिंपडत राहिली.
एकशे दहा, मी म्हटलं, आणि उठायचं नाटक केलं,
गुडघा खरंच दुखला.
ने गो बाय, ती म्हणाली, तुज्याशी हरले मी.

हरले.
तिच्या तोंडात तो शब्द
पिशवी उघडताना आला, सहज,
मासळी झाकायच्या ओल्या गोणपाटासारखा,
आणि मी मात्र
आठ दिवस तो उशीखाली घेऊन झोपत होते.
चाळीस रुपये जिंकलेली मी
तिथेच उभी राहिले.
मावशी, राहू दे, दीडशे घे.
आता बोलले ते बोलले, ती म्हणाली,
आणि वर आणखी एक ओंजळ टाकली,
एका बोटात चांदीचं वेढं, नखात चिखल.
पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा दीडशे.

घरी उकळत्या पाण्यात
एकेक तिसरी तोंड उघडत गेली.
ताटाच्या कडेला शिंपले मांडून
वर दोन फराटे काढून पाहिले, ओल्या बोटाने.
पहिला वाळला तोवर दुसरा काढत होते.

एक तिसरी शेवटपर्यंत उघडली नाही.
अशी खायची नसते, एवढं माहीत आहे.
बाजूला काढून खिडकीत ठेवली.
तिला काय म्हणायचं
ते आमच्या वर्गात अजून आलेलं नाही.