वीतभर सूत

हिमोग्लोबिन साडेसहा.
डॉक्टर म्हणाले, जिना नको, बादल्या नकोत,
मे संपेपर्यंत कारखाना तर नकोच.
थाईबद्दल ते काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

विडी घरकुलात दुपारी पत्रा तडतडतो.
पंखा गरम हवा एका कोपऱ्यातून उचलून
दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो.
मी चटईवर. उशाशी रिजेक्ट टॉवेलची लेबलं,
अक्कलकोट रोडवरून पिशवीभर आणलेली,
मागची बाजू कोरी.
एका लेबलावर एक अक्षर. दिवसाला एक.
जमलं नाही तर कालचंच गिरवायचं.
तेही जमलं नाही तर नुसतं बघायचं.

त्यांच्यात क कोंबडीचा, ख अंड्याचा.
म्हणजे आधी कोंबडी.
तो प्रश्न तिथे सुटलेला आहे.

घरात तेलुगू, नळावर कन्नड, शाळेत मराठी.
या तिन्हींसाठी मी कधी वही घातली नाही.
चौथीसाठी घातली ती प्रानीमुळे.
बँकॉकच्या हॉटेलांसाठी माल घेणारी बाई,
दर मंगळवारी व्हिडिओवर किनार तपासायची.
नाव ऐकून अख्खं पॅकिंग हसलं होतं.
त्यांच्याकडे त्याचा अर्थ दयाळू.
इंग्रजी तिचंही मोडकं, माझंही.
कॉल बंद करताना म्हणायची, न्युअय मै?
दमलीस का?
अकरा वर्षांत पॅकिंगमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं.
घरी अंबादास विचारतात,
पण स्वयंपाक झाला का, याच्या नंतर.

पुढे कळलं, शेवटचा तो मै म्हणजे आपला 'का'.
आणि तोच मै, त्याच चढणीवर, म्हणजे रेशीम.
वरून खाली सोडला, की 'नाही'.
एकाच धाग्यात एवढं!
माझ्या बापाचं आयुष्य मागावर गेलं,
त्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता,
सूत दाखव.

आता अडचण अशी, की चढण चढवत नाही.
'का' म्हणायला जाते, दम अर्ध्यात संपतो,
आवाज घसरतो
आणि सगळ्याचं 'नाही' होतं.
म्हणून आवाज ठेवला बाजूला.
पडल्या पडल्या हवेत बोटाने सूर काढते,
वर, खाली, सपाट, खालून वर.
शेजारच्या यल्लूबाई सुपात विड्या वळत
दारातून बघतात. परवा म्हणाल्या,
माश्या एवढ्या झाल्यात का गं तुझ्याकडे?
मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत.
मग त्यांचाही अंगठा पानावर थांबला,
जरा वर गेला, खाली आला.
हजाराचा हिशेब होता, परत वळायला लागल्या.

बापाची एक सवय होती.
ताणा संपला, पुढचं बीम यायला महिना असला,
तरी फणीतलं सूत तो ओढून काढायचा नाही.
वीतभर राहू द्यायचा.
नवं आलं की टोकाला टोक जोडायचं.
फणी रिकामी केलीस, म्हणायचा,
तर हजार धागे पहिल्यापासून ओवत बस.

काल मंगळवार. लेबलाला हातही लावला नाही.
पाणी पाचव्या दिवशी आलं, अंबादासनी भरलं,
मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.
फोन वाजला. प्रानीचा निरोप, तेच दोन शब्द.
हो म्हणावं, नाही म्हणावं, एवढंही व्याकरण सुचेना.
बटण दाबून पहिलाच शब्द परत पाठवला.
न्युअय.

हा शब्द मुळातच खालच्या सुरातला.
उचलायचा नसतो, असतो तिथेच म्हणायचा.
तिचं उत्तर आलं, मी तीनदा ऐकलं:
आज उच्चार बरोबर.

उठून लेबल शोधलं.
पेन चटईखाली गेलं होतं.