अक्षराला दहा रुपये

भांडी बाजाराच्या उतारावर, जिथे पुराचं पाणी
आधी गिऱ्हाईक होऊन येतं आणि मग मालक होतं,
तिथे माझी बैठक. पोतं, ऐरण, छिन्नी, हातोडी.
वर पाटी : त्र्यंबक सखाराम आणि सन्स.
सन्स म्हणजे मी.
रंगाऱ्याने आधीच लिहून टाकलं होतं.

वडील म्हणायचे, नाव घालायचं म्हणजे
तांब्याला टोचायचं, दुखवायचं नाही.
समोर बसून बसून
मी अक्षरं आधी उलटीच वाचायला शिकले.

जुनं भांडं मोडीत येतं,
त्यावरचं नावही कधी मोडीतच.
एका घंगाळावर, काठाखाली :
ठकी कोम बाळाजी.
दीड इंचात अख्खी बाई.
शेत बाळाजीचं, बैल बाळाजीचे,
ह्यातलं कढत पाणी ओतायचं तेही बाळाजीच्याच पाठीवर,
तरी काठावर आधी ठकी.
काट्यावर चार किलो सातशे भरलं.
नावाचं वेगळं धरत नाही, काटेवाला म्हणाला.

पुढे कोम गेलं. भ्र. आलं, तेही गेलं.
मग सौ. आलं आणि बसूनच राहिलं.
सौ.चे पैसे वडील घेत नसत, शुभ म्हणून.
गं. भा.चेही घेत नसत. का ते सांगत नसत.
मी नदीकडे बघायचे. आम्ही तिला गंगाच म्हणतो.
नवरा गेला की बाईला नदीचं नाव लावायचं
आणि नदीवरच न्यायचं, न्हाव्यापुढे बसवायला,
हे मी पाहिलं नाही.
आईच्या मावशीने पाहिलं होतं.
म्हणजे, तिनेही नाही. तिने डोळे मिटले होते.

लग्नसराईत मुलीचा बाप भांडी मांडून म्हणायचा,
थांबा, त्यांच्याकडे काय ठेवणार ते फोन करून विचारतो.
तोवर हंडा कोरा, मुलगीही.
एकदा पाच पातेल्यांवर 'विशाखा' घालून दिलं.
आठवड्याने तीच आली, हिरव्या चुड्यात, एकटी.
तळाला, कोणाला दिसणार नाही असं,
इंदू घालाल?
वडील म्हणाले, तळाचं आधी काळं पडतं, पोरी.
ती म्हणाली, पडू दे. ऊब तरी लागेल.

आता मशीन आहे, दातांच्या डॉक्टरासारखं घरघरतं.
सातपूरच्या कंपनीतून सुटलेल्या पोरी
स्वतःच्या पगाराचा कुकर पुढे करतात. आडनाव नको म्हणतात.
एकीने विचारलं, सौ. खोडता येतं का?
घासता येतं, डाग राहतो.
राहू दे, म्हणाली.
दिंडोरीकडची एक आली, बोटं द्राक्षाच्या चिकाने काळी,
सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून पेढे घेऊन.
तीन वर्षं तलाठ्याकडे खेटे. भाऊ बोलत नाहीत.
भांड्यावर नको, म्हणाली. ह्या छाटणीच्या कात्रीवर घाला.
कात्रीचं पोलाद फार कडक. दोन टोकं मोडली.
घातलं.

सगळंच पालटलं असं नाही.
परवाच एक सासूबाई : पैसे माझ्या मुलाचे, त्याचंच घाला.
सून कोऱ्या पातेल्यात
स्वतःचा वाकडा चेहरा बघत उभी होती.
मी त्याचंच घातलं. धंदा आहे.
पण त्या दिवशी हात जरा जड पडला,
आतल्या बाजूने अक्षरं उठली, उलटी.
ढवळताना पळीला लागत असतील.

आज दुपारी एक म्हाताऱ्या बाई. नवा तांब्या, चष्म्याला दोरी.
नाव काय घालू?
माझं, म्हणाल्या.
हो, पण कोणतं?
त्या गप्प. वरून पाटी वाचतात, खाली मला बघतात,
ओठांवर काहीतरी येतं, परत जातं.

मशीन बंद करते. घाई नाही.
अक्षराला दहा रुपये.
थांबण्याचे नाहीत.