मानीव

फ्राउ क्रेच्मार माझं आडनाव
तीनदा उच्चारून बघते, चौथ्यांदा सोडून देते,
आणि काचेखालून सरकवते
तीन घड्यांचा एक कागद.
त्यावर छापलंय: फिक्शन्सबेशायनिगुंग.

मी मागे वळून क्लोविसला विचारते,
फिक्शन म्हणजे तेच ना, कथा-कादंबऱ्यांतलं?
"तेच. अभिनंदन," तो म्हणतो, "आजपासून तू एक पात्र."
त्याला ठाऊक नाही
की माझ्या भाषेत पात्र म्हणजे लायकसुद्धा.

मराठीत काय म्हणावं याला?
कल्पित दाखला?
मग आठवतो सोसायटीच्या फायलीतला बाबांचा शब्द.
बिल्डर वर्षानुवर्षं सही करीना,
शेवटी सरकारनंच मानलं की त्यानं ती केली.
मानीव.
माझा परवाना एकतीस मार्चला संपला, नवा निघायचाय,
मधल्या दिवसांत मी येनामध्ये आहे
असं मानण्यात येत आहे.
मानव आणि मानीव,
फरक फक्त एका वेलांटीचा.
दुसरी. दीर्घ.

स्टायपेंड फेब्रुवारीतच आटला.
प्रोफेसर फोइग्टनी पत्र दिलंय, गोड माणूस,
"निधी उपलब्ध झाल्यास मुदतवाढ."
ते 'झाल्यास' मी इतक्यांदा वाचलं
की आता तो एखाद्या गावाचा रस्ता वाटतो.
सोबत बँकेचा कागद:
कुलूप घातलेल्या खात्यातले माझेच पैसे
मलाच दर महिन्याला मोजून मिळतात,
जशी काही मी उधळी पोर.

क्लोविस पार्सलच्या गोदामात जातो.
वर्षाला एकशे चाळीस दिवस, त्याच्या वर नाही.
चार तासांच्या आत आटपलं
तर दिवस अर्धाच धरतात.
म्हणून तीन तास छप्पन मिनिटांना
हातातलं खोकं असेल तिथं टेकवून
तो हातमोजे काढतो.
त्याच्या खोलीत एक कॅलेंडर आहे,
अर्ध्या रंगवलेल्या चौकोनांचं.

नोव्हेंबरात एकच चौकोन अख्खा भरला.
दारात एक म्हातारी आली होती, तिचं पार्सल सापडेना.
शोधता शोधता दहा मिनिटं वर गेली.
"महागात पडली म्हातारी," तो अजून म्हणतो.
पण पार्सलमध्ये काय होतं हे विचारायला
तो विसरला नव्हता:
कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या.

आता त्याचा नंबर लागतो. मी बाहेर येते.

मी काय शिकते असं विचारलं तर
घरी सांगणं सोपं आहे: दगडफूल.
गोड्या मसाल्यात जे घालतो त्याचे चुलत भाऊ,
इथल्या कबरींवर आणि जुन्या भिंतींवर.
त्यातला हा पिवळट हिरवा, नकाशासारखा,
वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतो,
तोही मनात आलं तर.
तीन वर्षांची शिष्यवृत्ती म्हणजे
दीड मिलिमीटर.
अर्जात मात्र मी लिहिलं होतं,
"भरीव निष्कर्ष अपेक्षित."

ऑफिसच्या मागे एक कुंपणाची भिंत आहे.
तिथला सतरा नंबरचा ठिपका माझा.
दप्तरातून व्हर्नियर काढते,
गुडघे टेकते, चष्मा कपाळावर.
सिगारेट ओढायला आलेली फ्राउ क्रेच्मार
थोडा वेळ बघते, मग विचारते,
"काही हरवलंय का?"
"नाही. मोजतेय."
"अच्छा," ती म्हणते आणि राख झाडायला
भिंतीपासून दोन पावलं लांब जाते.

ट्रामचा एक थांबा पाराडीस नावाचा आहे.
त्यावरचे विनोद आम्ही
पहिल्याच हिवाळ्यात संपवले.

वही मांडीवर घेऊन लिहिते:
ठिपका सतरा. एकोणीस पूर्णांक चार. बदल नाही.
घडीच्या कागदावर मुदत तीस जूनची.
पुढचं माप, मी लिहिते, ऑक्टोबर.
पेन्सिल खिशात होती,
तरी पेनानं.